उत्तर वाचलं की पटतं, वही उघडली की सुचत नाही

«सर फळ्यावर उदाहरण सोडवतात तेव्हा सगळं कळतं. घरी गृहपाठाला बसले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. मग तयार उत्तर शोधते, वाचते, पटतं, उतरवून काढते. चाचणीत तेच उदाहरण आकडे बदलून आलं आणि मी जागा कोरी सोडली. सोबत पाठवलेल्या उदाहरणात तर मुळंच निघेनात. मैत्रिणीला सारखं विचारायची आता लाज वाटते. गणित आणि फिजिक्स माझ्यासाठी नाहीतच का?
– अडकलेली»

अगं, तू पाठवलेलं पान नीट पाहिलं. ते पाहून तरी असं वाटत नाही.

२५ मीटर उंच मनोऱ्यावरून दगड २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर किती वेळाने पडेल? गुरुत्व त्वरण १० धरायचं. तू सूत्र बरोबर निवडलंस आणि लिहिलंस: २५ = २०टी − ५टी² (टी म्हणजे सेकंदांतला वेळ). त्यावरून टी² − ४टी + ५ = ०. विवेचक (वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) १६ − २० = −४, म्हणजे वास्तव मुळं, म्हणजे टी च्या खऱ्या किमती, नाहीत. इथे वैतागून सगळं खोडलंस.

खोडण्याआधी एवढंच विचारायचं होतं की हे समीकरण नक्की कशाचं उत्तर देतंय? तू लिहिलेल्या ओळीचा अर्थ होतो, ‘दगड हाताच्या २५ मीटर वर कधी पोचेल?’ या वेगाने तो जेमतेम २० मीटर चढतो (वेगाचा वर्ग ४००, भागिले त्वरणाची दुप्पट २०). तेव्हा ‘कधीच नाही’ हे उत्तर अगदी खरं आहे! वरची दिशा धन धरली की जमीन हातापासून −२५ मीटरवर येते. मग टी² − ४टी − ५ = ०, आणि टी = ५ किंवा −१. उत्तर ५ सेकंद. त्या −१ लाही अर्थ आहे: दगड जमिनीवरून ३० च्या वेगाने वर निघाला असता, तर बरोबर १ सेकंदाने तुझ्या हातापाशी २० च्या वेगाने पोचला असता. ताळा दुसऱ्या वाटेने करून बघ. वर जायला २ सेकंद, मग २० + २५ = ४५ मीटर खाली यायला ३ सेकंद.

म्हणजे चूक एका चिन्हाची होती, आणि ती झाली आकृती काढली नाहीस म्हणून. पहिली ओळ सुचत नाही म्हणतेस ना? पहिली ओळ सूत्राची नसतेच. आधी आकृती, मग शून्य कुठे ते, मग धन दिशेचा बाण, मग दिलेली प्रत्येक राशी चिन्हासकट आणि एककासकट. ताशी ७२ किलोमीटर दिलं असेल तर तिथल्या तिथे २० मीटर प्रति सेकंद करून टाक. काय काढायचं आहे ते खाली लिही. सूत्र यानंतर. बहुतेक वेळा तोवर ते आपोआप समोर आलेलं असतं.

आता तयार उत्तरांचं. उत्तर वाचताना पुढची पायरी आधीच समोर असते. ती निवडायची वेळ तुझ्यावर येतच नाही, आणि चाचणीत नेमकं तेच करावं लागतं. म्हणून अडलीस तर उत्तराची एकच ओळ बघ, बाकीवर कागद ठेव, आणि पुढे स्वतः जा. पूर्ण बघावंच लागलं तर वही मिटून कोऱ्या पानावर पुन्हा सोडव, आणि दोन दिवसांनी आकडे बदलून परत एकदा. उतरवून काढण्याला मात्र मी अभ्यास म्हणणार नाही; ते शुद्धलेखन झालं.

विचारायची लाज वाटते ती बहुधा ‘हे येत नाही, सांग ना’ असं विचारावं लागतं म्हणून. त्याऐवजी वही पुढे कर आणि म्हण, ‘इथवर आले, विवेचक ऋण येतोय, चिन्ह कुठे चुकलं?’ समोरच्याला दोन मिनिटांत सांगता येतं, आणि अर्ध्या वेळा प्रश्न नीट मांडतानाच तुला चूक दिसते. सरांनाही असंच विचार. पूर्ण उत्तर लिहून देणाऱ्या मैत्रिणीपेक्षा ‘पुढे काय करशील?’ असं विचारणारी शोध.

तुझ्या पानावरच्या आणखी दोन गोष्टी. √(क्ष + ६) = क्ष मध्ये वर्ग करून तू ३ आणि −२ अशी दोन्ही उत्तरं ठेवलीस. −२ मूळ समीकरणात घालून बघ: डावीकडे २, उजवीकडे −२. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की अशी आगंतुक उत्तरं शिरतात, म्हणून प्रत्येक उत्तर परत घालून तपासायचं. आणि उताराच्या उदाहरणात साइन ३० ची किंमत −०.९८८ आली आहे. तुझा कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे. डिग्रीवर घे, ०.५ येईल.