वाचकांचे प्रश्न : वाऱ्यात फ्लाय फिशिंग

प्रश्न : माझे गाव मालवणजवळ असल्याने लहानपणापासून गरवण्याची सवय आहे. गेल्या वर्षी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेसला आलो आणि ट्राउट माशांसाठी फ्लाय फिशिंग शिकू लागलो. शांत हवेत दोरी बरी पडते. पण लॉखवर, म्हणजे इथल्या तळ्यांवर, वारा सुटला की कितीही जोर लावला तरी ती अंगावरच परत येते. काय करावे?
— एक वाचक, इनव्हर्नेस

उत्तर : आपली अडचण बहुधा त्या जोरामुळेच वाढते आहे. गरवताना आपण शिसे फेकतो आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र पिसे बांधलेल्या गळाला वजन जवळजवळ नसतेच. वजन असते ते जाड दोरीला, आणि ती हवेत वळसा उलगडत पुढे जाते. हा वळसा जितका रुंद, तितका वारा त्याला अडवतो. जोर लावण्याच्या नादात काठीचा शेंडा कमानीसारखा फिरतो आणि वळसा आणखीच रुंद होतो. तोच शेंडा सरळ रेषेत नेऊन एकदम थांबवला, तर वळसा अरुंद राहतो आणि वारा कापत जातो.

वारा समोरून असेल, तर मागची फेक उंच ठेवून पुढची फेक खाली, पाण्यालगत सोडावी, म्हणजे दोरी उलगडताच पाण्यावर टेकेल आणि तिला मागे लोटायला वाऱ्याला अवधी मिळणार नाही. जाड दोरी आणि गळ यांना जोडणारा नायलॉनचा बारीक दोरा, म्हणजे लीडर, बारा फुटी असेल तर अशा वेळी 9 फुटांवर आणावा. वारा पाठीमागून असेल, तर नेमके उलट करावे : मागची फेक खालून व कसून, पुढची उंच.

खरी काळजी घ्यावी लागते ती फेकणाऱ्या हाताच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याची, कारण तो गळ थेट आपल्या कानाकडे किंवा डोळ्याकडे आणतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याने अशा वेळी काठीचा शेंडा डोक्यावरून डाव्या खांद्याकडे झुकवावा, किंवा पाण्याकडे पाठ करून उभे राहावे आणि मागची फेकच पाण्यावर सोडावी. चष्मा हवाच, आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला बरा.

मात्र नवशिक्याने समोरच्या वाऱ्याशी झुंजण्याआधी जागा बदलून पाहावी, असे मी सुचवेन. वारा पाठीशी घेऊन उभे राहिल्यास किनाऱ्यालगत निवांत पाण्याचा पट्टा दिसतो आणि पुढे लहरी सुरू होतात. जमिनीवरून उडून आलेले किडे या सीमेच्या आसपास पडतात आणि ट्राउट तिथे वर येतात. पलीकडच्या, लाटा आदळणाऱ्या काठाशीही वाऱ्याने लोटलेले खाद्य जमते, पण तिथे मासे पुष्कळदा काठाच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे लांब फेकण्याचा अट्टहास नको. लहरींमुळे माशाला आपण सहज दिसत नाही, हा वाऱ्याचा उपकारच म्हणायचा. आयर्लंडमधील लॉख कॉरिबवर तर मे महिन्यात लोक होडीतून पंधरा फुटांच्या आसपासची लांब काठी उभी धरतात, हलकी दोरी वाऱ्यावर सोडतात आणि मेफ्लाय नावाचा पाणकिडा लाटांवर नाचवत ठेवतात; याला डॅपिंग म्हणतात आणि वारा नसेल तर ते जमतच नाही. पाण्यावर सर्वत्र पांढरा फेस दिसू लागला, तर मात्र होडी बाहेर काढू नये.

प्रश्न : वाऱ्यात लीडरला आपोआप गाठी पडतात. त्या कशा टाळाव्यात?
— याच वाचकाचा दुसरा प्रश्न

उत्तर : या गाठींना इंग्रजीत ‘विंड नॉट’ म्हणतात खरे, पण दोष सहसा फेकीचा असतो. पुढची फेक सुरू करतानाच झटका दिला, की काठीचा शेंडा खाली दबतो आणि दोरीचा वरचा पदर खालच्याला ओलांडतो. सुरुवात सावकाश करून वेग शेवटी आणावा. अशा गाठीमुळे नायलॉन बरेच कमजोर होते, म्हणून दर काही फेकींनंतर लीडर बोटांतून ओढून पाहावा आणि गाठ घट्ट बसली असेल, तर तो तुकडा कापून गळ पुन्हा बांधावा.