जुनी फोर्ड रॅप्टर घेताना कमी पळालेली घ्यावी की नंतरच्या मॉडेलची?

तुम्ही लिहिलंय की ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहता, घरात दोन लहान मुलं आहेत, हाताशी ४२ हजार डॉलर आहेत आणि दोन रॅप्टर पिकअप मनात भरल्या आहेत: एक २०१४ ची, ४१ हजार मैल पळालेली, दुसरी २०१८ ची, ६८ हजार मैल पळालेली. दोन्ही चार दारांच्या सुपरक्रू. कमी पळालेली म्हणून २०१४ ची घ्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

मैलांचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी दोन्ही गाड्यांच्या खाली शिरून बघा. आपल्याकडे सेकंडहँड स्विफ्ट घेताना "किती पळाली?" हा पहिला प्रश्न असतो आणि तो बरोबरच असतो. रॅप्टरला तो फारसा लागू पडत नाही. ही गाडी वाळवंटातल्या खाचखळग्यांवरून वेगात हाकण्यासाठी बांधलेली आहे. रोज फ्रीवेने ऑफिसला जाऊन झालेले ७० हजार मैल तिला जाणवतही नाहीत. पण उड्या मारत काढलेले पाच हजार मैल तिचं कंबरडं मोडू शकतात.

मी तीन वर्षांपूर्वी २०१८ चीच सुपरक्रू घेतली. त्याआधी सहा गाड्या बघितल्या. पहिली होती टूसॉनजवळ, २०११ ची, ३८ हजार मैल, रंग आरशासारखा. मालक बोलायला चांगला होता, "फक्त शनिवार-रविवारी काढतो" म्हणाला. मी चटई टाकून मागच्या चाकांच्या मधून आत सरकलो, तर डांबरासारखा वास आला. अख्ख्या फ्रेमवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, ताजं काळं अंडरकोटिंग (गंज रोखणारा लेप) मारलेलं. ॲरिझोनाच्या वाळवंटात रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, गंजाची भीती नाही, मग हे कशाला? मागच्या ॲक्सलच्या वर, बम्पस्टॉप (चाक पूर्ण वर गेल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) जिथे फ्रेमला धडकतो, तिथे हात फिरवला. सपाट लागायला हवं तिथे बोटांना सुरकुती लागली, चुरगळलेल्या पत्र्यासारखी. बाहेर येऊन केबिन आणि मागचा बेड (सामानाचा उघडा हौदा) यांच्यातली फट बघितली. एका टोकाला बोट आरामात जात होतं, दुसऱ्या टोकाला नखसुद्धा अडकत होतं. फ्रेम वाकलेली होती. कारफॅक्स, म्हणजे गाडीच्या अपघातांचा इतिहास सांगणारा रिपोर्ट, मात्र अगदी स्वच्छ! वाळवंटात उडी मारून फ्रेम वाकली तर इन्शुरन्सकडे कोण जातं? त्यामुळे तुमच्या दोन्ही गाड्यांचा रिपोर्ट स्वच्छ आहे याने सुटकेचा निःश्वास टाकू नका. पहिल्या पिढीच्या अशा वाकलेल्या फ्रेमची २०११ साली अमेरिकेत बरीच चर्चा झाली होती. २०१४ ची बघताना ती जागा हाताने चाचपल्याशिवाय पुढचं बोलणं करू नका.

आता दोन पिढ्यांबद्दल. २०१० ते २०१४ ही पहिली पिढी. सुरुवातीला ५.४ लिटरचं ३१० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, मग ६.२ लिटरचा व्ही८ आला, ४११ हॉर्सपॉवरचा, सोबत सहा गिअरचा ऑटोमॅटिक. तुमच्या २०१४ मध्ये हाच ६.२ असेल. मजबूत, साधं, टर्बो नसलेलं इंजिन आहे, आवाजही मन भरेल असा. त्याचं नेहमीचं दुखणं म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) बोल्ट तुटणं. थंड इंजिन सुरू केल्यावर बाजूने टिक-टिक येते आणि गरम झाल्यावर कमी होते. जीवघेणं नाही, पण तुटलेला बोल्ट आतून काढणं वेळखाऊ असतं, तेवढी किंमत कमी करून मागा.

२०१७ ते २०२० ही दुसरी पिढी. ॲल्युमिनियमची बॉडी, ३.५ लिटरचा ट्विन टर्बो व्ही६, ४५० हॉर्सपॉवर, दहा गिअर. फॉक्स कंपनीचे शॉक ॲब्सॉर्बर अडीच इंचांवरून तीन इंच जाडीचे झाले आणि मागच्या चाकाला जवळपास १४ इंच वरखाली व्हायला जागा मिळाली. २०१९ पासून शॉक इलेक्ट्रॉनिक झाले. ते चालवायला फार सुंदर आहेत, पण जुनी गाडी घेणाऱ्याला २०१८ चे साधे शॉक परवडतात, असं माझं ठाम मत आहे. ते खोलून तेल आणि सील बदलता येतात आणि इलेक्ट्रॉनिक्सची काळजी नाही. बघताना शॉकच्या दांड्यावरून बोट फिरवा. धूळ चिकटेल इतपत ओलसरपणा चालतो, तेल ओघळलेलं असेल तर चारही शॉकच्या कामाचा खर्च धरा.

या व्ही६ ला जपायचं ते कॅम फेझरपासून, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या भागापासून. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद इंजिनच्या पुढच्या भागातून खडखड येते, डब्यात खडे हलवल्यासारखी, आणि मग सगळं शांत. विकणाऱ्याला हे माहीत असेल तर तो तुम्ही यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवेल. म्हणून सकाळी सहाला जा. फिनिक्सच्या उन्हाळ्यात दुपारी बॉनेट उन्हानेच भाजत असतं, त्यावरून काही कळत नाही. आधी फोनवर सांगा, "मी आल्याशिवाय सुरू करू नका", आणि पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनला हात लावा. खडखड आली तर काम हजारो डॉलरचं आहे. काम आधीच झालं असेल तर पावती मागा, नुसत्या शब्दावर जाऊ नका. गिअरबॉक्स गरम झाल्यावर पार्किंगमध्ये हळूहळू चालवून बघा. खालच्या गिअरमध्ये धक्के बसत असतील तर सोडून द्या.

एक गोष्ट मला एका म्हाताऱ्या मेकॅनिकने शिकवली आणि ती मी प्रत्येकाला सांगतो. पांढरं फडकं घेऊन जा. एअर फिल्टरच्या पुढचा, म्हणजे टर्बोकडे जाणारा पाइप सोडवायला सांगा आणि आतून फडकं फिरवा. फडकं पांढरंच राहायला हवं. आमच्या भागातल्या वाळवंटातली धूळ मैद्यासारखी बारीक असते. ती फिल्टरच्या कडेने आत गेली असेल तर फडक्यावर बदामी डाग येतो. अशी धूळ खाल्लेलं इंजिन मी फुकटही घेणार नाही. मालक पाइप काढू देत नसेल तर तेही उत्तरच समजा.

मग बेडखाली लटकवलेल्या स्पेअर टायरच्या वर हात घाला. तिथे कोणी धूत नाही. वाळूचा थर हाताला लागला तर "कधीच ऑफरोड नेली नाही" हे खरं नाही. ऑफरोड नेली म्हणून गाडी वाईट ठरत नाही, ती त्यासाठीच आहे. मीही बुलडॉग कॅन्यनच्या कच्च्या वाटांवर परमिट काढून नेतो, मुलं मागे बसून खिडकीतून सग्वारो (उंच निवडुंग) मोजत असतात. पण खोटं बोलणाऱ्याकडून गाडी घेऊ नये. मी ज्याच्याकडून घेतली त्याने पहिल्या फोनवरच सांगितलं होतं की कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर चार वेळा नेली, त्यानंतर प्रत्येक वेळी डिफरन्शियलचं तेल बदललं. पावत्या तारखेवार लावलेल्या होत्या.

साध्या एफ-१५० ला (रॅप्टर ज्या फोर्ड पिकअपवरून बनते ती) रॅप्टरची जाळी लावून विकणारेही आहेत. व्हिनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, सातवं अक्षर 'आर' असायला हवं. शिवाय खरी रॅप्टर आरशांशिवाय ८६ इंच रुंद असते, टेप लावून बघा. हाच टेप घरी गॅरेजलाही लावा. साडेसात फुटी दारातून ही गाडी आरसे मिटूनसुद्धा जीव मुठीत धरून जाते, आणि लांबी १९ फुटांच्या वर आहे.

कच्च्या रस्त्यावर फोर हाय, फोर लो (चारही चाकांना जोर देणारे वेगाचे आणि संथ मोड) आणि मागचा लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) तिन्ही लावून बघा. पुढच्या चाकांतून किरकिर आली तर हबचं काम निघेल. नंतर स्वतः निवडलेल्या मेकॅनिककडे दोनशे-तीनशे डॉलर देऊन तपासणी करा. विकणाऱ्याने सुचवलेल्याकडे नको. टायटलवर (मालकीच्या कागदावर) बँकेचा बोजा असेल तर पैसे थेट बँकेत जाऊन द्या. ॲरिझोनात खासगी व्यक्तीकडून घेतल्यास विक्रीकर लागत नाही, त्यामुळे डीलर आणि खासगी किंमतींची तुलना करताना तो फरक धरायला विसरू नका. शिवाय ४२ हजारांमधले तीन-चार हजार वेगळे काढून ठेवा. ३५ इंची टायरचा संच बदलायला दीड हजार सहज जातात.

खालून दोन्ही गाड्या निर्दोष निघाल्या तर? मग २०१८ ची घ्या. सरकारी आकड्यांनुसार ती गॅलनला शहरात १५ आणि हायवेला १८ मैल देते, २०१४ ची ११ आणि १६. दोन मुलांना शाळेत सोडताना हा फरक रोज जाणवतो. पण २०१८ ची सकाळी खडखडली आणि २०१४ ची फ्रेम हाताला सरळ लागली, तर बिनधास्त व्ही८ घ्या. दोन्हींचे फ्रेमखालचे फोटो टाकलेत तर मी बघून सांगेन, फक्त मागच्या ॲक्सलच्या वरचे, टॉर्चच्या उजेडात काढलेले हवेत.