वाङ्मयचौर्य? नाही, उचल!

एका वाचकांनी दोन प्रश्न पाठवले आहेत. 'एआयचे वाङ्मयचौर्य' असा मथळा त्यांनी वाचला. तो शब्द तिथे बरोबर आहे का, हा पहिला. कॉपीराइटला मराठीत स्वामित्वहक्क म्हणावं की प्रताधिकार, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर: नाही, आणि हा मथळा वाचून वाचून मी कंटाळलो आहे. वाङ्मय म्हणजे वाचेचं बनलेलं. मार्च २०२५ मध्ये जो तो आपल्या लग्नाचे फोटो एआयकडून जपानच्या जिब्ली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या धाटणीत रंगवून घेत सुटला होता, तेव्हा त्यालाही वाङ्मयचौर्य म्हणणारे निघाले. चित्राला वाचा कुठून फुटली? शिवाय कायदा विशिष्ट चित्राला संरक्षण देतो, नुसत्या धाटणीला नाही.

त्याहून खटकतं ते 'एआयचे'. वाक्याचा कर्ताच चुकवलाय. प्रोग्राम रात्री उठून कुणाच्या कपाटात हात घालत नाही. कोणीतरी पुस्तकं गोळा करून त्याच्यापुढे ओततं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं एक बारीक कलम घातलं: संगणकानं तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती तयार करवून घेणारी व्यक्ती. 'करवून घेणारी'! प्रयोजक क्रियापद आपण शाळेत शिकतो ते मथळे लिहिताना कुठे जातं?

चौर्याचंही तेच. चोरीत वस्तू मालकाकडून जाते. इथे पुस्तक लेखकाच्या फडताळात जसंच्या तसं आहे. म्हणून गुन्हा नाही असं मी म्हणत नाही. शब्द बसत नाही एवढंच.

बसणारा शब्द घरातच पडलाय. उचल.

संस्कृतात 'उच्चलति' म्हणजे निघतो, वर उसळतो. आपला आपण. हात लावणारा कोणी नाही. मराठीत आल्यावर हे क्रियापद सकर्मक झालं: उचलणारा हवा, उचललेलं हवं. जुना अर्थ एका कोपऱ्यात टिकून राहिला, तो 'उचल खाणे' मध्ये. दुखणं पुन्हा उचल खातं तेव्हा त्याला कोणी उचलत नाही. माझा लाडका सिद्धांत असा की एआयचे सगळे खटले या दोन क्रियापदांमधले आहेत. कंपन्यांची निवेदनं वाचा: डेटा उपलब्ध होता, मजकूर संकलित झाला, मॉडेल प्रशिक्षित झालं. सगळं आपोआप, पुस्तकं स्वतःच उठून चालत गेली. हे उच्चलति. लेखक विचारतात, उचललं कोणी? (उचलबांगडीची व्युत्पत्ती याच पत्रात कृपया विचारू नये. तिच्यावर भांडायला वेगळा दिवस लागेल.)

पण खरी गंमत पुढे आहे. पोरगं शेजारच्यांकडे खेळून कानडी पटकन उचलतं, गाणं दोनदा ऐकून उचलतं. हे शिकणं, कोणी हरकत घेत नाही. तोच शब्द संगीतकाराबद्दल वापरला, 'चाल उचलली आहे' म्हटलं, की मारामारीची वेळ येते. तिसरा अर्थ ज्यांना माहीत नाही त्यांनी बीडकडच्या ऊसतोडणीवाल्यांना विचारावा. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो. कोयता म्हणजे तिथे नवरा-बायकोची जोडी. मग ऊस तोडायचा, टनावर हिशेब, त्यातून उचल वळती होते. फिटली नाही तर अंगावर राहते, पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच फडात. शिकणं, ढापणं आणि आगाऊ घेणं, तिन्ही एका धातूवर. इंग्रजीला यासाठी तीन शब्द लागतात आणि तीन वकील.

आता सॅन फ्रान्सिस्कोतला खटला बघा. काही लेखकांनी एआय बनवणाऱ्या अँथ्रोपिक कंपनीवर भरलेला. जून २०२५ मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी सांगितलं की पुस्तकांवरून मॉडेलला शिकवणं हा न्याय्य वापर आहे, म्हणजे लेखकाच्या परवानगीवाचूनही कायद्याला चालणारा. मुलांना लिहायला शिकवण्याशीच त्यांनी त्याची तुलना केली. कंपनीनं विकत घेतलेली छापील पुस्तकं पाठीची बांधणी कापून स्कॅन केली होती, तीही चालली. पण चोरट्या संकेतस्थळांवरून सत्तर लाखांहून अधिक प्रती उतरवून कायमचं ग्रंथालय थाटलं, ते चालणार नाही. मग तडजोड: दीड अब्ज डॉलर, पुस्तकामागे साधारण तीन हजार. पहिल्या अर्थानं सुटका, दुसऱ्या अर्थानं दोष, तिसऱ्या अर्थानं वसुली. एकाच खटल्यात उचलण्याचे तिन्ही अर्थ आले, आणि आपले मथळेवाले अजून चौर्य चौर्य करत बसलेत.

फडातल्या उचलीशी फरक एकच. तिथे पैसा आधी हातात पडतो, काम नंतर. इथे काम आधी उचललं, पैसा कोर्टानं आठवण केल्यावर. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग विभागाच्या समितीनं जो प्रस्ताव मांडला त्याला तर मी बिनदिक्कत सरकारी उचल म्हणेन: कायदेशीर मार्गानं हाती आलेला मजकूर प्रशिक्षणाला सरसकट वापरा, बदल्यात रॉयल्टी भरा. लेखकाला 'मी देत नाही' म्हणायची सोय नाही. रॉयल्टी मिळणं चांगलंच. पण नकाराचा हक्क काढून घेतला की व्यवहार मुकादमाच्या वहीसारखा होतो, आकडा तो लिहील तो.

संस्कृतप्रेमी मंडळी लगेच राजशेखराची 'काव्यमीमांसा' काढतील आणि 'नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः' म्हणून दाखवतील. चोर नाही असा कवी नाही, चोर नाही असा व्यापारी नाही. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच सगळं माफ! महाराज, श्लोकाची दुसरी ओळ कुठे ठेवलीत? 'स नन्दति विना वाच्यं यो जानाति निगूहितुम्'. ज्याला लपवता येतं तो बोल न लागता सुखात राहतो. याला परवानगी समजणाऱ्यानं उपरोध कधी चाखलेला नसावा. त्याच अध्यायात राजशेखराची बायको अवंतिसुंदरी उचलेगिरीच्या सबबींची यादी देते: तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याची भाषा वेगळी, त्याचा कर्ता परदेशातला, त्याचा मूळ ग्रंथच नष्ट झालेला. आजच्या कंपनीच्या वकिलानं हे जसंच्या तसं कोर्टात वाचावं, फक्त तिचं नाव घेऊन वाचावं.

नाव घेण्यावरून आठवलं. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि शेजारी 'चाल' असं लिहून ज्या मूळ गाण्यावरून चाल घेतली त्याचे शब्द छापलेले असतात. कुणाची कानडी पदावरून, कुणाची बंदिशीवरून. चाल उघड उचलली, आणि कुठून ते वर सांगितलं. प्रेक्षकाला मूळ माहीत असेल तर मजा दुप्पट. ज्या यंत्राला आपण कुठून काय घेतलं ते ओळीओळीला सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत ही 'चाल' लिहायची कशी, हा मला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो. विचारलं तर कित्येकदा खोटा संदर्भ ठोकून देतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

उचल आवाजालाही चालते. आशा भोसले यांच्या आवाजाची एआयनं केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये रोखली. ते कॉपीराइटखाली नव्हे, व्यक्तिमत्त्वाच्या हक्काखाली. कारण गायलेल्या गाण्यावर कॉपीराइट असतो, गळ्यावर नाही. मराठीत मात्र 'हुबेहूब आवाज उचललाय' आपण सहज म्हणतो. इथे वाङ्मयचौर्य म्हणून बघा, जीभ अडखळेल.

हां, दुसरा प्रश्न. प्रताधिकार. स्वामित्वहक्क म्हटलं की जमीन, घर, म्हैस सगळं आलं. शिवाय त्यामुळेच लोक 'माझ्या कल्पनेवर स्वामित्वहक्क आहे' असलं काहीतरी बोलतात. कल्पनेवर तो नसतोच. हक्क प्रत काढण्याचा आहे, आणि अल्सपसाहेबांनीही बोट ठेवलं ते फुकट उतरवलेल्या प्रतींवरच. हिंदीतला 'प्रतिलिप्यधिकार' ज्यांना इकडे आणायचाय त्यांनी तो आधी एका दमात तीनदा म्हणून दाखवावा. 'कॉपीराइट फ्री' म्हणजे 'फुकट' समजून वऱ्हाडाच्या व्हिडिओला कुठलंही गाणं जोडणाऱ्यांना कुठलाच शब्द पुरणार नाही.