‘टॉन्ट मारणे’ अर्जात कसं लिहावं?

प्रश्न : माझी मावसबहीण सिडकोत राहते. सासरच्या जाचाबद्दल तिला अर्ज करायचा आहे. टिपण तिने मराठीत लिहिलंय, इंग्रजी मी करते आहे. ‘सासूबाई टोमणे मारतात’ याला ‘गिव्ह्ज टॉन्ट्स’ चालेल का? मूल नाही म्हणून त्या चारचौघांत म्हणतात, ‘आमच्या तुळशीलासुद्धा मंजिऱ्या येतात हो!’
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, ‘गिव्ह्ज’ नको. इंग्रजीत टॉन्ट बहुधा क्रियापद म्हणून येतं : ‘शी टॉन्ट्स मी’. पण तेवढ्यानेही काम भागत नाही. इंग्रजीतला टॉन्ट तोंडावरचा असतो. समोरच्याने चिडावं म्हणून उघड डिवचणं, हिणवणं. आपला टोमणा आडून येतो, लेकी बोले सुने लागे. गंगापूर रोडला एका हळदीकुंकवात मी ऐकलं होतं : ‘आमच्या सूनबाईंचं काय, ऑफिसातून आल्या की चहा हातात!’ बोलणं शेजारणीशी, आणि सून मागेच वाणाचं ताट धरून उभी. अशा बोलण्याला इंग्रजीत ‘डिग’ किंवा ‘स्नाइड रिमार्क’ म्हणतात.

तुळशीचं वाक्य मात्र यापैकी कशातच बसवू नका. ते फार क्रूर आहे आणि ‘टॉन्ट’ म्हटलं की किरकोळ वाटतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ येतो. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून अपमान, टिंगल करणं तर त्यात स्पष्ट नमूद आहे. कायद्याचे शब्द ‘इन्सल्ट’ आणि ‘रिडिक्यूल’ असे आहेत, तेच वापरा. सासूबाईंचं वाक्य आधी मराठीत जसंच्या तसं अवतरणात द्या. नुसतं भाषांतर वाचणाऱ्याला तुळस कळेल, घाव कळणार नाही. म्हणून खाली लिहा : ‘शी रिडिक्यूल्ड मी फॉर नॉट हॅविंग अ चाइल्ड’. कधी, कुठे, कोणासमोर, हेही तिला आठवेल तेवढं घाला.

आणि इंग्रजीचा अट्टहास कशाला? आपल्या जिल्हा-तालुका न्यायालयांची भाषा मराठीच आहे. तिचं मूळ टिपण घेऊन सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात, विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिला एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा.