अफिलिएट मार्केटिंगसाठी (आपल्या लिंकवरून दुसऱ्याची वस्तू विकली गेली की कमिशन) निश (साईटचा नेमका विषय) आणि कीवर्ड (लोक गुगलवर टाकतात ते शब्द) कसे निवडू? मोबाईल या विषयावर साईट काढली तर चालेल का?

मोबाईल नकोच. "बेस्ट मोबाईल" असल्या कीवर्डवर आधीच मोठमोठ्या साईट्स ठाण मांडून बसल्यात, नवीन माणसाचा नंबर लागणं फार कठीण. त्यापेक्षा स्वतःच्या घरात बघा ना, मुंबईत विषयांना काय तोटा! आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जून ते सप्टेंबर कपडे वाळता वाळत नाहीत, आता गुगलवर "कपडे वाळत घालायचा स्टँड" एवढंच टाईप करून थांबा, खाली जे काय सुचवलं जातं ते वहीत उतरवा, त्यात "छोट्या घरासाठी", "भिंतीवरचा" असं जोडून परत बघा, कारण इतकं नेमकं शोधणारा माणूस विकत घ्यायलाच निघालेला असतो. हेच मराठीत, इंग्रजीत आणि रोमन लिपीतल्या मराठीतही करा, लोक तिन्ही प्रकारे शोधतात.

गुगलचं कीवर्ड प्लॅनर हे टूल फुकट आहे, कुठला शब्द किती शोधला जातो याचे ढोबळ आकडे जाहिरात न चालवताही दिसतात, सुरुवातीला तेवढे पुरतात. गुगल ट्रेंड्समध्ये कुठला शब्द कधी जास्त शोधला जातो तो सीझन बघा आणि पावसाळ्याचा लेख मार्चमध्येच टाका, रँक व्हायला, म्हणजे गुगलच्या यादीत वर यायला, वेळ लागतो. कमिशन वस्तूच्या कॅटेगरीप्रमाणे बदलतं, ज्या कंपनीच्या लिंक लावणार तिचा कमिशनचा तक्ता आधी वाचा. आणि लिंक अफिलिएट आहे हे लेखात वरच स्पष्ट लिहा, वाचणाऱ्याला ते कळायलाच हवं.