भिशीचे छत्तीस हजार आणि मॉरिशसचा अर्धा दिवस

सांगलीच्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगतो. नवरा-बायकोचा मिळून हातात येणारा पगार १,३५,००० रुपये. घराचा हप्ता ३८,०००, घरखर्च ६२,०००, एसआयपी १५,०००. अडीअडचणीसाठी २,१०,००० ची एफडी. मे महिन्यात दोघं, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई असे पाच जण मॉरिशसला निघालेत. पॅकेजचे पैसे दोन वर्षं आरडी करून जमवले आणि भरूनही टाकले. हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक आँ फ्लाकला. एक दिवस मोकळा आहे आणि वाद त्या दिवसावरून आहे.

ताईंना हवी आहे खास आपल्या कुटुंबापुरती अर्ध्या दिवसाची सहल : आधी स्पीडबोटीतून डॉल्फिन, मग गाडीने नैऋत्य किनारा. दर १६,५००. यजमान म्हणतात, शेअर बसने जाऊ, माणशी ११०० फक्त. तिसरा पर्याय नुसती गाडी आणि ड्रायव्हर, पाच तासांचे ४,०००, तो दोघांनीही फारसा मनावर घेतलेला नाही. ताईंची एप्रिलमध्ये भिशी लागणार आहे, ३६,००० रुपये. “साडेसोळा हजार गेले तरी निम्म्याहून जास्त उरतात, आणि कमी पडले तर कार्डावर ईएमआय करू,” असं त्या लिहितात. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दरपत्रकाचा फोटो आहे.

ताई, आधी तो फोटोच पुन्हा उघडा. आकड्यांच्या आधी ‘रु.’ लिहिलंय ना? ते रुपये त्यांचे आहेत, आपले नाहीत. मॉरिशसच्या चलनाचं नावही रुपयाच आहे आणि गेली काही वर्षं त्यांचा एक रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या आसपास फिरतो आहे. मी हिशेबाला १.९० धरतो. म्हणजे तुमचे साडेसोळा हजार होतात ३१,३५०. निम्मी भिशी उरत नाही, जेमतेम साडेचार हजार उरतात. यात तुमची चूक नाही. मी स्वतः तिथे पहिल्या दिवशी शहाळ्याचा भाव ऐकून ‘स्वस्त आहे की’ म्हणालो होतो. तिथला मूल्यवर्धित करही विचारून घ्या. तो १५ टक्के आहे, आणि दरात धरलाय की वर लागणार आहे हे त्या फोटोत कुठेच लिहिलेलं नाही.

आता यजमानांचा हिशेब. चार हजारांपुढे अकराशे स्वस्त दिसणारच. पण बसचा दर माणशी आहे आणि गाडीचा दर गाडीचा आहे. चार पूर्ण तिकिटं ४,४०० आणि धाकट्याचं अर्धं ५५०, एकूण ४,९५० त्यांचे रुपये. आपले ९,४०५. नुसत्या गाडीचे ४,००० म्हणजे आपले ७,६००. दोघंच जात असतात तर मी डोळे मिटून बस सांगितली असती. पाच जणांना खासगी गाडीच स्वस्त पडते आहे, आणि घरात भांडण चाललंय ते खासगी महाग म्हणून!

यजमानांच्या बाजूने एक मुद्दा मात्र मांडलाच पाहिजे. बसची सहल आठ तासांची आहे, तिच्यात आतल्या भागातली शामारेलची रंगीत माती वगैरेही आहे. तासाच्या भावाने बस ११७५ ला पडते आणि गाडी १५२० ला. नुसते तासच विकत घ्यायचे असतील तर ते जिंकले. पण सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात. आठ तास बसमध्ये चढ-उतार, प्रत्येक ठिकाणी ‘वीस मिनिटांत परत या’ ही हाळी, आणि चौथ्या थांब्यापासून आजी खिडकीशी बसून राहणार. त्यांचं तिकीट तर पूर्ण काढलेलं असेल.

आता भिशीकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. बारा जणी, महिन्याला तीन हजार, जानेवारीत सुरू झालेली, एप्रिलमध्ये तुमचा नंबर. म्हणजे ३६,००० हातात येतील त्या दिवशी तुम्ही स्वतः घातलेले पैसे किती? चार हप्त्यांचे १२,०००. उरलेले २४,००० हे मैत्रिणींकडून बिनव्याजी घेतलेलं कर्ज आहे आणि ते तुम्ही डिसेंबरपर्यंत दरमहा तीन हजारांनी फेडणार आहात. भिशी लागली की आपल्याला घबाड मिळाल्यासारखं वाटतं. शेवटचा नंबर लागतो तिचीच खरी बचत असते, सुरुवातीच्या नंबरवालीची उधारी. (आमच्या आईची भिशी कायम पहिली लागायची आणि डिसेंबरपर्यंत ती वैतागलेली असायची. कारण मला फार उशिरा कळलं.) त्यातून तुम्ही मेअखेर परत येणार आणि जूनमध्ये दोन मुलांची शाळा, वह्या, गणवेश, रिक्षावाल्याचे आगाऊ पैसे. तेव्हा त्या दिवसासाठी तुमचं बजेट १२,००० आहे. छत्तीस नाही.

कार्डाचा ईएमआय तर मनातूनच काढा. परदेशात कार्ड घासलं की बँका साधारण साडेतीन टक्के परकीय चलनाचा आकार लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. ३१,३५० वर हे झाले सुमारे १,२९५. मग तो आकडा बारा महिन्यांच्या हप्त्यात टाकला आणि व्याज १६ टक्के धरलं, व्याजावरचा जीएसटी मिळवला, की अर्ध्या दिवसाची सहल ३६,००० च्या वर जाते. अख्खी भिशी गेली की! आणि एफडीला हात लावायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचा महिना एक लाखाचा आहे. दोन लाख दहा हजार म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची बेगमी. ती सहा महिन्यांची व्हायला हवी आहे, पण ते पुढच्या पत्रात.

बोटीबद्दल माझं मत सरळ आहे : यंदा नको. डॉल्फिन तामारिनच्या उपसागरात सकाळी लवकर दिसतात, खरं आहे. पण त्याच वेळी तिथे बोटींची जत्रा असते आणि एक पाठ दिसली की सगळ्या बोटी तिच्या मागे धावतात. बोटीत चढायला बऱ्याचदा धक्का नसतो, गुडघाभर पाण्यातून पाय टाकावा लागतो. सासूबाई हॉटेलवरच राहणार, आणि दर तर तुम्ही अख्ख्या कुटुंबाचा मोजणार. आणखी एक. जाहिरातीत ल मॉर्नच्या टोकाशी ‘पाण्याखालचा धबधबा’ दाखवला असेल. तो धबधबा नाही, खोल उतारावरून सरकणारी वाळू आणि गाळ तसा भास करून देतात. आणि तो भास फक्त वरून, हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातूनच होतो. बोटवाल्याने त्यासाठी वरचे पैसे मागितले तर हसून नाही म्हणा. मुलांना पाणीच हवं असेल तर हॉटेलसमोरचं सरोवरासारखं शांत पाणी आहे. प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते आणि किनारा सगळ्यांना खुला आहे, फुकट.

मग गाडी घ्यायचीच, तर पैसे कशाचे देतोय ते बघा. किनाऱ्याचा रस्ता बसलाही तोच आहे. तुम्ही विकत घेताय ते ‘इथे थांबा हो जरा’ असं म्हणायचा हक्क.

तुमच्या सासूबाई मालवणकडच्या, आणि ‘आपल्याकडची माणसं उसाच्या कामाला तिकडे गेली होती’ हे त्यांनी लहानपणी ऐकलंय, असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. मला सगळ्या पत्रात ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. १८३४ नंतर गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर म्हणून जी माणसं तिथे गेली त्यांत कोकणातलीही होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सरकारी सुट्टी असते. फ्लिक आँ फ्लाकहून निघालात की अगदी जवळ कास्काव्हेल लागतं, मराठी वस्तीसाठी ओळखलं जाणारं गाव. शेअर बस तिथे थांबवून घेता येत नाही. तुमची गाडी थांबेल. देवळासमोर अर्धा तास आजींना बसू द्या. आडनावं विचारायला त्या सुरुवात करतील आणि तुम्हाला ओढून आणावं लागेल.

तिथून पुढे तामारिनची मिठागरं, मग ल मॉर्नचा ५५६ मीटरचा काळा कडा. पळून आलेले गुलाम या डोंगरात लपत. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली, ती खबर घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, पकडायला आलेत असं समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे सांगतात. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. तेरा वर्षांच्या मुलीला हे गाडीतच सांगा, फोन खाली ठेवेल. पुढे माकोंदेचं वळण : समुद्राच्या अगदी कडेने रस्ता वळतो, वर खडकावर जायला पायऱ्या आहेत. आजींनी खालीच थांबावं, खालूनही छान दिसतं. बे द्यू कापपर्यंत जाऊन परत फिरा. दक्षिणेच्या ग्री ग्रीला प्रवाळाची भिंत तुटलेली असल्याने लाटा थेट कड्यावर आदळतात, बघण्यासारखं आहे, पण पाच तासांत ते बसवायला गेलात तर सगळी सहल गाडीच्या काचेतूनच होईल.

दरपत्रकातली वेळ मात्र बदलून घ्या. दुपारी २ ते संध्याकाळी ७ लिहिली आहे. आपल्याकडे मे महिन्यात सात वाजता जेमतेम दिवेलागण होते, म्हणून तुम्हाला ते खटकलं नसेल. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे, मे म्हणजे तिथे हिवाळ्याची चाहूल, आणि सूर्य पावणेसहाच्या सुमाराला बुडतो. म्हणजे पाच तासांतला सव्वा तास तुम्ही अंधारातल्या समुद्राचे पैसे देणार. साडेबारा ते साडेपाच मागा. पश्चिम किनारा असल्याने परतताना मावळतीचा सूर्य वाटेवर मिळतो आणि बाकीचा हॉटेलसमोर.

आणखी एक अट मेसेजमध्ये लेखी घ्या : दुकान नाही. आमच्या ड्रायव्हरने, नाव घेत नाही, भला माणूस होता, आम्हाला ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींच्या दुकानात नेलं. प्रतिकृती सुंदर असतात, तिथली ती जुनी कारागिरी आहे. चाळीस मिनिटं गेली, बायकोने एक शिडाचं जहाज घेतलं, आणि ते विमानात मांडीवर ठेवून मी मुंबईपर्यंत आलो. आता ते शोकेसमध्ये आहे, एक डोलकाठी मोडलेली.

पैसे देताना आगाऊ रक्कम पावपेक्षा जास्त देऊ नका, आणि पाऊस-वाऱ्याने रद्द झालं तर ती परत कशी मिळेल ते विचारा. गाडी टॅक्सीचा किंवा पर्यटनाचा परवाना असलेली आहे ना, हेही. बाकीचे तिथल्या रोखीत द्या. कार्ड वापरलंतच तर मशीन विचारेल, भारतीय रुपयांत की मॉरिशसच्या? त्यांच्याच रुपयांत म्हणा. आपल्या रुपयांत म्हटलंत की दुकानदाराच्या बाजूची बँक आपल्या मर्जीचा दर लावते. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, पण ड्रायव्हरकडे क्यूआर असेलच या भरवशावर राहू नका. आणि पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापला गेला असेल तर ती पावती जपून ठेवा, रिटर्न भरताना तो वळता होतो.

तर १२,००० मधून गाडीचे ७,६०० गेले, ४,४०० राहिले. ड्रायव्हरची बक्षिसी, पाच जणांचं खाणं त्यात आरामात बसतं. जेवणाला हॉटेलात शिरू नका, रस्त्यावरची ढोल पुरी घ्या : डाळ भरलेली पातळ पोळी, वर रस्सा आणि चटणी, जोडीने देतात. सासूबाई पहिल्या घासालाच ‘पुरणात गूळ विसरलेत’ म्हणतील बहुतेक.

भिशीचे राहिलेले २४,००० लागल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका आणि मेपासूनचे आठ हप्ते तिथूनच जाऊ द्या. यजमानांना हे पत्र दाखवताना बसच्या हिशेबाचा परिच्छेद आधी वाचायला द्या, बोटीचा नंतर.