समन्स आलं, हातात नोकरी नाही

प्रश्न : कळंगुटच्या एका हॉटेलातली माझी रिसेप्शनची नोकरी सुटली आणि क्रेडिट कार्डाचं बिल थकलं. खर्च ८४ हजारांचा होता, बँक आता १ लाख ६२ हजार मागते. परवा बेलिफ घरी येऊन कोर्टाचं समन्स देऊन गेला. सध्या शिकवणीचे महिना ९ हजार मिळतात. मला अटक होईल का? घरातलं सामान नेतील का?
– एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : ताई, समन्स हातात पडलं ती तारीख त्याच्याच कोपऱ्यात आत्ता लिहून ठेवा. मग मजकूर वाचा. ‘ऑर्डर ३७’ किंवा ‘समरी सूट’ (झटपट निकालाचा दावा) असे शब्द असतील तर दहा दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवावी लागते आणि नोटिसांसाठी पत्ताही द्यावा लागतो. ती चुकली तर तुमचं काही न ऐकता बँकेला हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश, मिळू शकतो. हजेरीनंतर बँक ‘समन्स फॉर जजमेंट’, म्हणजे निकाल मागणारं दुसरं समन्स, बजावते. त्यावर पुन्हा दहा दिवसांत, प्रतिज्ञापत्र जोडून, बचावाची परवानगी मागायची. बरेच जण इथेच फसतात. ‘८४ हजार मान्य, बाकीचे नाहीत’ असं भाबडेपणाने लिहिलं, की ते ८४ हजार कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही! म्हणून हे प्रतिज्ञापत्र घरी बसून लिहू नका. दावा साधा असेल तर लेखी कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या उत्तराला, ३० दिवस मिळतात, कोर्टाने वाढवून दिले तर ९०.

वकिलाच्या फीची काळजी नको. स्त्रियांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. जाताना समन्स, दाव्याची प्रत, कार्डाची सगळी स्टेटमेंट्स आणि नोकरी सुटल्याचं पत्र न्या. लग्नाच्या नोंदीचा दाखलाही न्या. वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे घर-जमिनीचं काय होऊ शकतं हे वकिलाला आधीच बघू द्या.

स्टेटमेंटमध्ये शेवटचा भरणा कधीचा ते पाहा. बँकेने दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, पण मुदतीत केलेल्या लेखी कबुलीने किंवा तुमच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी नोंद असलेल्या भरण्याने ती नव्याने सुरू होते. ‘निदान पाचशे तरी भरा’ असा वसुलीवाल्यांचा आग्रह असतो, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. न मागितलेला विमा किंवा जमा न दाखवलेला हप्ता सापडला तर त्यावर खूण करा.

नोकरी गेली हा कर्जाविरुद्धचा बचाव नव्हे. हप्ते मागायला मात्र तो आधार आहे. पण हप्त्यांची मागणी हुकूमनाम्याआधीच करा. तेव्हा कोर्ट ते स्वतः ठरवू शकतं, नंतर बँकेची संमती लागते. लोकअदालतीत तडजोड झाली तर बँकेला कोर्ट फी परत मिळते, त्यामुळे तिथे बँकही थोडी नरमते. रक्कम, शेवटची तारीख आणि दावा मिटल्याचा उल्लेख कागदावर आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. सवलतीत मिटवलेलं खातं क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ दिसतं, याची जाणीव असू द्या.

अटक? पैशांच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करताच येत नाही. पुरुषांमध्येही ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्याला किंवा मालमत्ता लपवणाऱ्यालाच ती भीती. नुसत्या गरिबीसाठी तुरुंग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगून ठेवलं आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि भविष्य निर्वाह निधी यांना जप्तीचा हात लागत नाही. पुढे १६ हजारांची नोकरी लागली तर पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश, म्हणजे ११ हजार सुरक्षित. जप्ती फार तर ५ हजारांवर. शिकवणीचे पैसे पगारात मोडत नाहीत. ते त्याच बँकेच्या बचत खात्यात ठेवलेत तर बँक थकबाकीपोटी वळते करून घेऊ शकते, तेव्हा दुसरीकडे खातं उघडा.

आणि पुढच्या तारखांचे चेक कुणालाही देऊ नका. कार्डाची थकबाकी ही दिवाणी बाब आहे, पण खात्यात पैसे नसताना चेक परत गेला की मामला फौजदारी होतो.